चोपड्याची जर्सी

३ ऑगस्ट २०२४ ची रात्र. दुसऱ्या दिवशी दिव्यांची अवस, म्हणून समया, निरांजनं, माळ्यावरचा जुना कंदीलसुद्धा घासूनपुसून ओट्यावर ओळीनं मांडलेला. बाहेर पावसाची भुरभुर. घरात निजानीज झालेली आणि मी टीव्हीचा आवाज बारीक करून पॅरिस ऑलिंपिक बघत बसलेलो. तिहेरी उडीत डॉमिनिकाची थिया लाफॉन्ड १५.०२ मीटर गेली आणि मग शेवटपर्यंत कुणालाच ते अंतर ओलांडता आलं नाही. त्याच रात्री त्याच मैदानावर बायकांची शंभर मीटर झाली. सेंट लुशियाची ज्युलियन आल्फ्रेड ओल्या ट्रॅकवर १०.७२ सेकंदांत पार. जिच्या नावाचा गाजावाजा होता ती अमेरिकेची शॅकॅरी रिचर्डसन पंधरा शतांश सेकंद मागे. दोन बेटं, दोघांचंही पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक, आणि दोन्ही सोन्याची.

पुतण्या शेजारी जागा होता. म्हणाला, "काका, हे डॉमिनिका कुठे आलं? लोकं किती तिथे?"

मोबाइलवर पाहिलं. सत्तर हजारांच्या आसपास.

"म्हणजे आपलं चोपडा! तालुका नाही, नुसतं शहर."

त्यानं गमतीनं म्हटलं, पण माझी झोप गेली. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यातलं आमचं चोपडा शहर सत्तर हजारांच्या वर होतं आणि तालुका तीन लाखांच्या. म्हणजे सेंट लुशिया अख्खा आमच्या तालुक्यात मावून वर जागा उरते. पुढच्या आठवड्यात भालाफेक झाली. पाकिस्तानचा अर्शद नदीम ९२.९७, आपला नीरज चोप्रा ८९.४५. चौकाचौकात भारत-पाकिस्तान एवढंच चाललं होतं. तिसरा आलेला अँडरसन पीटर्स कुठला, हे कुणी विचारलंही नाही. तो ग्रेनाडाचा. सव्वा लाखाच्या आतली लोकसंख्या. याच पीटर्सनं २०२२ च्या जागतिक स्पर्धेत नीरजला मागे टाकलं होतं. पॅरिसमध्ये ग्रेनाडाला दोन कांस्यपदकं मिळाली, दुसरं डेकॅथलॉनमध्ये लिंडन व्हिक्टरला. स्पर्धेच्या महिनाभर आधी बेरिल वादळानं त्याच देशाचं कॅरियाकू बेट झोडपून काढलं होतं. आपण ११७ खेळाडू पाठवले आणि सहा पदकं आणली.

आता इथे थांबून एक कबुली देतो. दरडोई पदकांची जी कोष्टकं दर ऑलिंपिकनंतर फिरतात, ती मला आवडत नाहीत. त्यांत लबाडी आहे. अॅथलेटिक्सच्या एका प्रकारात कुठल्याही देशाला जास्तीत जास्त तीनच माणसं उतरवता येतात, मग तो देश एकशे चाळीस कोटींचा असो की सत्तर हजारांचा. शिवाय एखाद्या देशाला ठरलेली पात्रता-वेळ कुणालाच गाठता आली नाही, तरी त्याला एक पुरुष आणि एक बाई पाठवायची मुभा असते. तुवालूनं पॅरिसला दोनच खेळाडू पाठवले, दोघंही शंभर मीटरचे. तेव्हा लोकसंख्येनं भागाकार करून आपल्याला लाजवणं सोपं आहे, पण त्यातून कळत काही नाही. २००८ साली अनिरुद्ध कृष्ण आणि एरिक हॅग्लंड यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हा प्रश्न नीट मांडला होता: देशात माणसं किती, यापेक्षा खेळापर्यंत खरोखर पोचू शकणारी माणसं किती, हे मोजा. मला त्याच्याही एक पायरी खाली उतरायचं आहे. चोपड्याच्या पोराला खेळापर्यंत पोचायला कुणाच्या नावानं पळावं लागतं?

नाव ही गोष्ट वाटते तेवढी हलकी नाही. आमच्या पिढीला ही सगळी बेटं क्रिकेटमुळे ‘वेस्ट इंडीज’ या एकाच नावानं माहीत. रिचर्ड्स कुठल्या बेटाचा आणि मार्शल कुठल्या, याच्याशी आम्हाला घेणंदेणं नव्हतं. पण त्या एकत्र संघात छोट्या बेटांचं काय झालं ते बघा. वेस्ट इंडीजनं पहिली कसोटी १९२८ साली खेळली. सेंट लुशियाचा पहिला माणूस कसोटीत उतरला २००७ साली, तो डॅरेन सॅमी. एकोणऐंशी वर्षं! तोवर सेंट लुशियात बॉल टाकणारं कुणी जन्मलंच नाही, असं कोण म्हणेल? बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद, गयाना यांच्या चाळणीतून खाली फारसं काही उतरत नव्हतं, एवढंच. ऑलिंपिकमध्येही हा प्रयोग होऊन गेला आहे. १९६० च्या रोमला काही बेटांच्या संघराज्याचा मिळून एकच संघ गेला होता, दोन कांस्यपदकं घेऊन आला. पुढे ते संघराज्यच मोडलं आणि एकेक बेट आपापला झेंडा घेऊन उभं राहिलं. सेंट लुशिया स्वतःच्या नावानं ऑलिंपिकला पहिल्यांदा गेलं १९९६ मध्ये आणि अठ्ठावीस वर्षांत सोनं घेऊन आलं.

प्रशांत महासागरातलं नाऊरू तर एकवीस चौरस किलोमीटरचं, माणसं बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते. तिथला मार्कस स्टीफन वजन उचलायचा. १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं देशाला पहिलं सुवर्ण दिलं. पण १९९२ च्या बार्सिलोनाला जायची वेळ आली तेव्हा नाऊरूची ऑलिंपिक समितीच नव्हती. मग गडी सामोआच्या नावानं उतरला. पुढच्या खेपेला, अटलांटात, नाऊरूच्या नावानं. पुढे हाच मार्कस स्टीफन देशाचा राष्ट्राध्यक्षही झाला. खेळाडू तोच, वजनाच्या चकत्याही त्याच. पण मधल्या चार वर्षांत त्याच्या देशानं त्याला नाव मिळवून दिलं.

आता आमच्याकडे या. तालुकास्तरीय शालेय स्पर्धेत पोरगी पळते ती शाळेच्या नावानं. फक्कीनं आखलेल्या लेन, त्याही दुपारपर्यंत पावलांनी पुसलेल्या. जिंकली की जिल्ह्याला. पहाटेची एसटी, अडावद, धानोरा, विदगावचा तापीचा पूल, मग जळगाव. डबा सातलाच गाडीत संपलेला असतो आणि शर्यतीला नंबर लागतो दुपारी दोनला, भर उन्हात. तिथून पुढे गेली तर विभागाला ती ‘जळगाव जिल्हा’ होते आणि राज्याला गेली की ‘नाशिक विभाग’. चोपडा हा शब्द तिच्या छातीवर कधीच येत नाही. त्याहून वाईट म्हणजे, जिल्ह्याला तिसरी-चौथी आली की तिचं वर्ष तिथेच संपतं. एका मोसमात दोन शर्यती. ज्या वयात पळून पळून पळणं शिकायचं, त्या वयात दोन शर्यती.

बेटांवरच्या पोरांचं तसं नाही. १९७२ साली बार्बाडोसमध्ये ऑस्टिन सीली या माणसाच्या पुढाकारानं कॅरिफ्टा स्पर्धा सुरू झाल्या. कॅरिबियन भागातल्या कुमार खेळाडूंच्या, दरवर्षी ईस्टरच्या सुट्टीत. दोन डझनांच्या आसपास छोटेछोटे देश, सतरा आणि वीस वर्षांखालची पोरं. उसेन बोल्टनं २००४ मध्ये याच स्पर्धेत दोनशे मीटर १९.९३ सेकंदांत पळून कुमारांचा जागतिक विक्रम केला होता. ग्रेनाडाचा किरानी जेम्स, ज्यानं २०१२ ला लंडनमध्ये चारशे मीटरचं सोनं जिंकलं, तो याच स्पर्धेतून वर आला. पीटर्सही. तिथलं पंधरा वर्षांचं पोरगं देशाची जर्सी घालून शेजारच्या बेटावर जातं, हरतं, पुढच्या ईस्टरला पुन्हा जातं. त्याला जमैकाशी लढावं लागतं हे खरं, पण ज्याच्याशी आज बरोबरी होईल असं कुणीतरी शेजारच्या लेनमध्ये असतंच.

हिंदी महासागरातही असंच आहे, आणि तिथे आपली माणसं आहेत. मॉरिशसला १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारानं मजूर गेले, त्यांत कोकण-साताऱ्याकडची मराठी कुटुंबंही होती. त्यांचे पणतू-खापरपणतू आजही तिथे गणपती बसवतात, आणि गणपतीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. १९७९ साली रीयुनियनला हिंदी महासागरातल्या बेटांच्या स्पर्धा सुरू झाल्या. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव अशी मंडळी. मॉरिशसनं १९८५, २००३ आणि २०१९ अशा तीनदा त्या भरवल्या. मॉरिशसला ऑलिंपिक पदक आजवर एकच, २००८ च्या बीजिंगमध्ये ब्रूनो ज्युलीचं बॉक्सिंगमधलं कांस्य. ऑलिंपिकच्या हिशेबानं नगण्य देश. पण दर चार वर्षांनी तिथल्या शेकडो पोरापोरींना देशाचं नाव अंगावर घालून बरोबरीच्यांशी भिडायला मिळतं.

इथे कुणी जाणता माणूस मला अडवेल आणि त्याचं बरोबर असेल. थिया लाफॉन्ड पाच वर्षांची असताना अमेरिकेला गेली. मेरीलँडमध्ये शिकली, तिथेच शिक्षिका होती. ज्युलियन आल्फ्रेड चौदाव्या वर्षी जमैकाला गेली आणि मग टेक्सासच्या विद्यापीठात. किरानी जेम्स अलाबामात, पीटर्स मिसिसिपीत. म्हणजे बेटांचं सोनं अमेरिकेच्या कॉलेजांत घडलं, बेटांनी काय केलं? आल्फ्रेडनं जिंकल्यावर स्वतःच सांगितलं की लहानपणी ती शाळेच्या गणवेशात, अनवाणी पळायची आणि देशात सोयी नावालाच आहेत. सेंट लुशियात २००९ साली एका इस्पितळाला आग लागली, तेव्हा ते इस्पितळ तिथल्या जॉर्ज ओडलम स्टेडियममध्ये हलवलं आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. मैदान गेलं ते गेलंच. आपल्याकडे मैदानावर मांडव पडतो, सभा होते, पार्किंग होतं, त्याचंच हे मोठं भावंड.

तरी मी म्हणेन की बेटांनी जे केलं ते पैशानं होत नाही. त्यांनी पोराला बारा-चौदाव्या वर्षी हेरलं, आणि बाहेर गेल्यावर परत यायला एक नाव ठेवलं. लाफॉन्डला अमेरिकेच्या संघासाठी झगडता आलं असतं. तिनं पाच वर्षांची असताना सोडलेल्या बेटाची जर्सी घातली, रिओत, टोकियोत, पॅरिसमध्ये. बाहेर जाणं हे वाईट नाहीच. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, आदिवासी घरातली. नाशिकला विजेंद्रसिंग यांच्यासारखा प्रशिक्षक हाताशी होता म्हणून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई रौप्य. सावरपाडा ते नाशिक हे अंतर तिला कापता आलं. आमच्या तालुक्यातल्या वैजापूरच्या जंगलातल्या पावरा पोरीला चोपडा-नाशिक हे अंतर कापायचं असेल, तर आधी चोपड्यात कुणीतरी तिच्याकडे बघितलं पाहिजे.

आणि आपल्याला हे येत नाही असंही नाही. कुस्ती बघा. जत्रेच्या दंगलीत भोंग्यावरून पुकारा होतो तो पैलवानाच्या नावाआधी त्याच्या गावाचा. वडगावचा अमुक, धानोऱ्याचा तमुक. गावातली माणसं ट्रॅक्टर भरून येतात, फेटे उडतात, हरला तरी परत नेताना कुणीतरी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकतं. १९६१ पासून चाललेल्या महाराष्ट्र केसरीतही मल्ल आपापल्या जिल्ह्याच्या नावानं उतरतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असा लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. तेव्हा वर्तमानपत्रांत ‘जळगावचा विजय’ छापून आलं आणि अख्ख्या खान्देशानं तो आपला मानला. पोलीस दलात गेल्यावर २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस आणि अग्निशमन स्पर्धेत त्यानं सुवर्ण जिंकलं. गाव, फड, तालुका, जिल्हा, राज्य अशी शिडी कुस्तीला आहे, आणि प्रत्येक पायरीवर कुठलं तरी नाव आहे. पळण्याला ती नाही.

पळणारे मात्र हजारांनी आहेत. पहाटे पाचला यावल रस्त्याला जाऊन बघा. केळीच्या गाड्यांचे दिवे येतात-जातात आणि कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून पोरांच्या टोळ्या चाललेल्या. पोरी वेगळ्या, दोघी-तिघी मिळून, मागे एखादीचा भाऊ मोटारसायकलवर. हे सगळे भरतीचे. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. कुणाच्या हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, कुणी किलोमीटरच्या दगडाला हात लावून वळतो. एकाला मी विचारलं, "भो, सोळाशे किती येतं?" "पाच पंधरा, सर." "मग पंधराशेच्या स्पर्धेत का उतरत नाही?" तो माझ्याकडे असं बघत राहिला की मी काहीतरी आडगावचं बोललो. "कुठल्या स्पर्धेत, सर?"

खान्देशात कुठल्याही बेटापेक्षा जास्त माणसं रोज पळतात, घड्याळ लावून, मार्कांचा तक्ता पाठ करून. ज्या दिवशी निवड होते त्या दिवशी बूट खुंटीला. नोकरीसाठी पळण्यात मला काही कमीपणा वाटत नाही. दोन एकर कोरडवाहू आणि घरात तीन भावंडं असताना पळायचं कशासाठी, हे सांगणारा मी कोण? पण जे पोरगं पाच पंधरात सोळाशे मारतं त्याला स्पर्धाच माहीत नसावी, यात त्याचा दोष नाही.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. जळगावचे पंधरा, धुळ्याचे चार, नंदुरबारचे सहा, मिळून पंचवीस तालुके होतात. कॅरिफ्टाला जेवढी बेटं, जवळपास तेवढेच. या पंचवीस तालुक्यांची दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात एक स्पर्धा हवी, तालुक्याच्या जर्सीवर. शाळेत असो-नसो, भरतीचा असो की ऊसतोडीला जाऊन आलेला असो, वयाच्या गटात बसला की झालं. एकदा चोपड्याला, एकदा शहाद्याला, एकदा साक्रीला. माझ्या मते पौषात घ्यावी. लग्नतिथी नसतात, त्यामुळे मांडववाला, भोंगेवाला, गाड्या आणि मैदानं सगळं मोकळं असतं, हवा गार असते आणि दहावीची परीक्षा अजून अंगावर आलेली नसते. यातलं अर्धं काम आजही कुठेतरी होतंच. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा होतात, आमच्याकडच्या यावल प्रकल्पाखाली. तिथे पोरं आपल्यासारख्यांशी भिडतात, वाढतात. फक्त त्या स्पर्धा त्यांच्यापुरत्याच राहतात आणि गावातला माणूस त्या बघायला जात नाही.

लोक म्हणतील, याने तालुक्या-तालुक्यात भांडणं लागतील. लागू द्या की! अमळनेर-चोपडा अशी चुरस रिलेत लागली तर कुणाचं बिघडलं? राजकारणात आणि बाजार समितीत ती रोजच लागते. दुसरं म्हणतील, पदक कुठे यातून? नाही येणार कदाचित. सेशेल्सला, मालदीवला ऑलिंपिकचं पदक नाही, तरी त्यांची पोरं पळतात, त्यांच्या वेळा लिहून ठेवल्या जातात, आणि तिथल्या पोरीला आठशे मीटरचा आपल्या देशाचा विक्रम किती हे विचारलं, तर तिला तो बघायला जागा असते.

हे लिहायच्या आधी मी तोच प्रश्न घेऊन चोपड्यात फिरलो. मुलींचा आठशे मीटरचा तालुक्याचा विक्रम किती? पीटीच्या तीन सरांना विचारलं. एकानं दोन मिनिटं चाळीस सांगितलं, दुसऱ्यानं हसून चहा मागवला. तिसरे सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांनी आतल्या खोलीतली लोखंडी पेटी उघडली. वर जुनी स्वेटरं, डांबरगोळ्यांचा वास, खाली दोरीनं बांधलेल्या दोनशे पानी वह्या. शिट्टीसुद्धा निघाली, आतला मणी अडकलेली. एका वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं रेघा आखून तक्ता केलेला होता: शंभर, दोनशे, आठशे, लांब उडी, गोळाफेक. आठशेसमोर दोन मिनिटं एकतीस सेकंद. सरांनी चष्मा वर करून पान खिडकीशी धरलं. कोण होती ती, हे त्यांना आठवत होतं असं वाटलं, मग नाही म्हणाले. नावाच्या जागी कसरीनं खाल्लेलं भोक होतं.